काट्यावरचं वजन आणि शरीराची घडण: ताकदीचा व्यायाम आणि आहार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“वजन कमी करायचंय” म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर चरबी कमी करायची असते. वजनात हाडं, पाणी, स्नायू, चरबी सगळंच येतं. नुसतं जेवण तोडून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. माणूस बारीक दिसू लागतो, पण जिना चढताना तशीच धाप लागते. पुढे वजन परत आलं की त्यात चरबीचाच वाटा मोठा असतो. म्हणून इथे सगळा भर घडणीवर आहे, म्हणजे अंगात चरबी किती आणि स्नायू किती यावर. ज्यांनी आजवर कधी वजन उचललेलं नाही आणि जे घरचंच जेवतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

माझं वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे, तरी पोट सुटलंय. असं कसं?

आपल्याकडे हे फार दिसतं, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन आणि उंची यांवरून काढलेला आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन आणि उंचीचं गणित दोघांना एकाच रांगेत बसवत होतं, आणि शरीरं मात्र पूर्ण वेगळी होती.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी भरली. स्नायू कमी होते, पोटही लहान होतं, पण चरबी त्या मानाने टिकून होती. आपली घडण जन्मापासूनच अशी कललेली असते. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की काळजी घ्यायची.

तुम्ही याच गटात असाल तर जेवण तोडू नका. पाच किलो वजन घटवलंत तरी पोट थोडंफार राहील आणि हातपाय मात्र काटकुळे होतील. जेवण आहे तेवढंच ठेवा, त्यातला प्रोटीनचा वाटा वाढवा आणि वजनं उचलायला लागा. सहा महिन्यांनी काटा फारसा हललेला नसेल, पण पँट कमरेला सैल आणि मांडीला घट्ट होऊ लागलेली असेल.

मग मोजायचं काय?

घेर. सकाळी काही खाण्यापिण्याआधी, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा आणि मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. आठवड्यातून एकदा पुरे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा आडाखा कोणालाही लावता येतो. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८० च्या आत हवा.

वजन करायचंच असेल तर रोज करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. लग्नाचं जेवण जेवून दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं, ते पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न असतं. एका रात्रीत दीड किलो चरबी चढवायला साडेअकरा हजारांवर जादा कॅलरी लागतील. तेवढं कोणी जेवत नाही.

जिममधलं पाय ठेवून चरबीची टक्केवारी सांगणारं यंत्र अंगातून सौम्य वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून हिशेब मांडतं. पाणी कमी प्यायलात, नुकताच घाम गाळलात, तर आकडा बदलतो. त्यावर खूशही होऊ नका आणि रडूही नका. क्ष-किरणांनी अंगातली चरबी आणि हाडं मोजणारी डेक्सा तपासणी जास्त भरवशाची, पण घरच्या कामासाठी तिची गरज नाही. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात काढलेला फोटो आणि किती किलो किती वेळा उचललं याची वही, हे दोन पुरावे पुरतात.

चरबी घटणं आणि स्नायू वाढणं एकाच वेळी होतं का? जिममध्ये सांगतात की आधी ‘बल्क’ आणि मग ‘कट’.

होतं. पहिल्यांदाच व्यायाम सुरू करणाऱ्यांना, मध्ये खंड पडून परत येणाऱ्यांना आणि अंगावर बऱ्यापैकी चरबी असणाऱ्यांना तर हमखास होतं. आधी भरपूर खाऊन वजन वाढवायचं आणि मग उतरवायचं ही पद्धत वर्षानुवर्षं कसून व्यायाम केलेल्यांची आहे. सुटलेलं पोट घेऊन आलेल्या माणसाला ‘बल्क’ करायला सांगणं मला साफ चुकीचं वाटतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण, जादा वजनाच्या पुरुषांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन होतं, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. जास्त प्रोटीनवाल्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. कमी प्रोटीनवाल्यांची चरबी ३.५ किलो उतरली, चरबीविरहित वजन जागच्या जागी राहिलं. एवढी मोठी कपात घरी करून बघायची नाही, ते सगळं देखरेखीखाली झालं होतं. पण उपाशीपणातही स्नायू टिकतात, वाढतातसुद्धा, आणि व्यायाम सारखाच असताना फरक ताटातल्या प्रोटीनने पाडला, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

घरी चालणारी कपात रोज ३०० ते ५०० कॅलरींची. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरला तर वेग ठीक आहे. त्याहून भरभर उतरत असेल तर स्नायू जातायत असं समजून खाणं थोडं वाढवा.

मी रोज पाच किलोमीटर चालते. ते पुरत नाही का?

हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी चालणं उत्तम, ते बंद करू नका. स्नायू वाढवण्याचं काम मात्र त्याने होत नाही. शरीराला जे आधीच झेपतंय त्यासाठी ते नवे स्नायू बांधत नाही.

पोट कमी करायला पोटाचे कोणते व्यायाम करू?

ज्या भागाचा व्यायाम केला त्याच भागाची चरबी जळते असं होत नाही. क्रंचेसनी, म्हणजे पाठीवर झोपून खांदे उचलण्याने, पोटाचे स्नायू मजबूत होतील, वरचा थर जेवण आणि एकूण व्यायामानेच उतरेल. कोणाचा पोटावरून आधी उतरतो, कोणाचा चेहऱ्यावरून, हे आपल्या हातात नाही.

आठवड्यातून किती दिवस, आणि नेमकं काय करायचं?

तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून, प्रत्येकी ४५ मिनिटं. दोनच दिवस जमत असतील तर दोन, पण ते चुकवायचे नाहीत. रोज दोन तास जिमला जाणारे महिन्याभरात थकून सोडून देतात.

शरीराच्या हालचाली मोजक्याच आहेत. उठणं-बसणं, म्हणजे स्क्वॉट. कमरेतून वाकून उचलणं, म्हणजे डेडलिफ्ट. ढकलणं, म्हणजे जोर किंवा बेंच प्रेस (बाकावर पडून वजन वर ढकलणं), आणि डोक्यावर उचलणं. ओढणं, म्हणजे डंबेल किंवा बारबेलने केलेली रो (वाकून वजन अंगाकडे ओढणं), पुलडाउन (यंत्राचा बार वरून खाली ओढणं), पुढे जमलं तर पुल-अप (बारला लटकून अंग वर ओढणं). आणि हातात वजन घेऊन चालणं. दर वेळी यातल्या चार-पाच हालचाली घ्या, प्रत्येकीचे तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ रेप, म्हणजे तीच हालचाल न थांबता ८ ते १२ वेळा केली की एक सेट. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती घ्या, तेवढ्यात मोबाइल बघत पाच मिनिटं घालवू नका. आठवड्याभरात एका स्नायूगटाचे साधारण दहा सेट झाले की नवशिक्याला भरपूर झाले.

वजन किती घ्यायचं, तर सेट संपताना “अजून दोन झाले असते, तिसरा नसता झाला” असं वाटेल एवढं. पंधरा-वीस रेप सहज होत असतील तर ते वजन हलकं आहे. इथे बहुतेक लोक कमी पडतात. तेच पाच किलोचे डंबेल दोन वर्षं उचलतात आणि व्यायामाचा काही उपयोग होत नाही म्हणतात. सगळे सेट १२ रेपपर्यंत नीट होऊ लागले की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवायचं, रेप परत आठवर येतील, मग पुन्हा बारापर्यंत चढायचं. वहीशिवाय हे लक्षात राहत नाही.

जिम नसेल तरी सुरुवात अडत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून स्क्वॉट करता येतात, आणि तीच सॅक कमरेतून वाकून छातीशी ओढली की रो होते. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार म्हणजे साधारण २० किलो. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेला सिलेंडर ३० किलोच्या घरात जातो. दारापासून ओट्यापर्यंत तो पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचलून नेणं हा पुरेपूर व्यायाम आहे, पण तिथवर हलक्या वजनांनी टप्प्याटप्प्याने पोचा.

पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. ते बसतं. सांध्यात टोचणारी किंवा कळ जाणारी वेदना मात्र वेगळी, तिथे थांबायचं.

जोर-बैठका, सूर्यनमस्कार, योगासनं करतो. तेवढ्यावर भागेल का?

जोर-बैठका हा ताकदीचाच व्यायाम आहे. कोल्हापूरच्या तालमींत पिढ्यान् पिढ्या याच्यावर पैलवान तयार झाले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या परंपरेत जोर आणि बैठकांच्या जोडीला मुद्गल होते, दोर चढणं होतं, हौद्यातली माती खणणं होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे समोर ढकलणारा दुसरा पैलवान होता. भार वाढत राहायचा.

घरी तीस जोर सहज होत असतील तर पाय खुर्चीवर ठेवून मारा, किंवा पाठीवर सॅक घ्या. बैठका शंभर होत असतील तर एका पायावरच्या बैठकीकडे वळा. जोर-बैठकांत एक उणीव राहते, ओढण्याची हालचाल. ती दोर, बार किंवा डंबेलने भरून काढा. सूर्यनमस्कार आणि आसनांनी लवचिकता, श्वास, तोल सुधारतो, ते सोडू नका. एका मर्यादेपुढे भार वाढवता येत नसल्याने स्नायू वाढवायला तेवढ्याने भागत नाही.

आणि पैलवानांचा खुराक त्यांच्याच मेहनतीला शोभतो. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने लिटरभर दूध, बदाम, तूप सुरू केलं तर पोटच वाढेल.

प्रोटीन किती हवं? एक जण ०.८ ग्रॅम म्हणतो, दुसरा २ ग्रॅम.

दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी प्रौढासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात. तो आकडा सर्वसाधारण माणसाला कमतरता होऊ नये म्हणून काढलेला आहे. ताकदीचा व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो, त्यापुढे वाढवून सरासरीने फारसं पदरात पडत नाही. मी १.२ पासून सुरुवात करायला सांगेन आणि हळूहळू १.६ कडे न्यायला. वजन खूप जास्त असेल तर आजच्या वजनाने गुणू नका. उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करा, तेवढे किलो धरा.

म्हणजे ६० किलोच्या बाईला ७२ ते ९६ ग्रॅम, ७५ किलोच्या पुरुषाला ९० ते १२०. आता नेहमीचं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री पुन्हा तेच. हिशेब केला तर गाडी ४०-४५ ग्रॅमच्या आसपास अडकते. पोट भरतं, पण निम्मीच गरज भागते.

आमचं घर शुद्ध शाकाहारी. मग हे जमणार कसं?

जमतं, पण योजून खावं लागतं. वेगळा स्वयंपाक करायचा नाही, घरात जे शिजतं त्याचं प्रमाण बदलायचं. सगळ्यात सोपी गोष्ट आधी सांगते. डाळ शिजली की फोडणीचं पाणी घालण्याआधी आपली वाटी घट्ट काढून घ्या. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम असते, प्रोटीन तीन-चार ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणात साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतं.

साठ किलोच्या शाकाहारी बाईचा एक दिवस मांडून बघू. सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी आणि एक पेला दूध, मिळून १८-१९ ग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम मटकीची उसळ आणि मोठी वाटी दही, २६-२७. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक, ७-८. रात्री दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण आणि १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, ३० च्या वर. बेरीज ८० च्या पुढे जाते. पावडरचा एक चमचा नाही, आणि पनीर सोडलं तर एकही पदार्थ आजीला अनोळखी नाही.

पनीर महाग पडतं तिथे सोयाचंक्स वापरा. शंभर ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये ५० ग्रॅमहून जास्त प्रोटीन असतं, एका माणसाला ४० ग्रॅम पुरतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळले की वास जातो, मग रश्शात चांगले मुरतात. पिठलंही कमी समजू नका, ४० ग्रॅम बेसनात साडेआठ ग्रॅम. कुळथाचं पिठलं, हरभऱ्याची उसळ, चवळी, पावटे सगळं चालतं. धान्य आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात, दोन्ही एकाच जेवणात हवीत असंही नाही, दिवसभरात आली की झालं.

कडधान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, मोड आणा, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी एकदा करून घ्याच. ते कमी असेल तर थकवा आणि मुंग्या येतात, आणि दोष व्यायामाला दिला जातो.

अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम. कोकणात आणि गोव्यात ताज्या मासळीच्या १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम मिळतं. बांगडा तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजला किंवा तिखल्यात घातला तर तेवढ्याच प्रोटीनला कॅलरी कमी लागतात. सुक्या बोंबलात प्रोटीन भरपूर, मीठही तितकंच, रक्तदाब असेल तर जपून.

भात सोडू का? पोळीपेक्षा भाकरी चांगली ना?

भात सोडायची गरज नाही. व्यायामाच्या दिवशी तर तो कामाला येतो, ताकद लावायला स्नायूंना साखरेचाच साठा लागतो. प्रमाण बघा. आधी उसळ-भाजी-दही वाढून घ्या, उरलेल्या जागेत भात. भाकरीत चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, पण तीन जाड भाकऱ्या दोन पातळ फुलक्यांपेक्षा कमी कॅलरीच्या होत नाहीत.

कपात नेमकी कुठे करू?

तेलात. घरात महिन्याला किती तेल येतं आणि खाणारी तोंडं किती, एवढा हिशेब करा. चार माणसांत महिन्याला चार लिटर जात असेल तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, म्हणजे २७० कॅलरींच्या आसपास. अडीच लिटरवर आणलंत तर प्रत्येकाच्या ताटातून रोज १०० कॅलरी गेल्या आणि चवीत फारसा फरक पडला नाही. दुसरी जागा चहाची साखर. दिवसाला चार कप, दोन-दोन चमचे, तिथेच दीडशे कॅलरी जातात.

तिसरी जागा शेंगदाणे, आणि इथे मराठी स्वयंपाकघरातले लोक नाराज होतात. कूट पौष्टिक आहे, त्यात प्रोटीनही आहे, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम. पण त्याच १०० ग्रॅममध्ये जवळपास निम्मं तेल आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. म्हणून शेंगदाण्याला प्रोटीनचा मुख्य आधार मानू नका. कोशिंबिरीत चमचाभर कूट जरूर घाला.

श्रावण, एकादशी, नवरात्र. उपवासाच्या दिवसांत काय?

उपवास श्रद्धेचा असेल तर तो करावा, त्यात माझं काही म्हणणं नाही. अडचण फराळाची आहे. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, तो निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, तूप, कूट घातलं की एका ताटलीत जेवणाहून जास्त कॅलरी होतात. त्याऐवजी राजगिरा, दूध, दही, ताक, चालत असेल तर पनीर यांच्यावर भर द्या. भगर खायची तर दाण्याच्या आमटीऐवजी घट्ट दह्याबरोबर. पूर्ण निर्जळी असेल त्या दिवशी जड व्यायाम करू नका, आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा. नऊ दिवसांचे उपवास असतील तर व्यायाम चालू ठेवा, सेट थोडे कमी करा, वजन मात्र तेच ठेवा. स्नायू टिकवायला तेवढं पुरतं.

रोज सोळा तास उपाशी राहण्याची पद्धत कोणाला सोयीची वाटत असेल तर चालेल. एकूण कॅलरी सारख्याच असतील तर त्यात चरबी उतरवण्याची वेगळी जादू नाही, आणि उरलेल्या आठ तासांत ९० ग्रॅम प्रोटीन बसवताना लोकांची दमछाक होते.

व्हे पावडर आणि क्रिएटिन घेतल्याने किडनी खराब होते का?

निरोगी किडनीला इथे सांगितलेल्या प्रमाणातल्या प्रोटीनने इजा होत नाही. किडनीचा विकार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रोटीन किती हे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्या अनेकांना आपली किडनी कमजोर झाल्याचा पत्ताच नसतो, म्हणून प्रोटीन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, या किडनीच्या तपासण्या करून घ्या.

व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन, चीज करताना उरतं ते. ताटातून आकडा पुरा होत असेल तर ते विकत घेण्याची गरज नाही. घेतलंत तर डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघा आणि सुटी, डबा फोडून दिलेली पावडर घेऊ नका. ‘महिन्यात दहा किलो’ असं लिहिलेला कोणताही डबा दुकानातच राहू द्या.

क्रिएटिन हा स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा पदार्थ. त्याच्या मोनोहायड्रेट या प्रकारावर भरपूर अभ्यास झालेला आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम, ताकद थोडी वाढते. शाकाहारी लोकांच्या जेवणात ते जवळपास नसतंच, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. ते सुरू असताना रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, किडनी ठणठणीत असली तरी. म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना ते घेत असल्याचं आवर्जून सांगा.

बायकांनी जड वजनं उचलली तर पुरुषी शरीर होतं का?

नाही. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक पुरुषांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. जिममधल्या बायकांच्या हातात एक-दोन किलोचे गुलाबी डंबेल दिले जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच बाया घरी पाण्याच्या कळशा आणि पाच-सात किलोचं पोर कडेवर घेऊन वावरत असतात. चाळिशीनंतर हाडांची घनता घटू लागते, पाळी गेल्यावर तो वेग वाढतो, आणि हाडं टिकवायला भार लागतो.

आणखी एक गोष्ट बघायची ती हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असताना “मला व्यायाम झेपत नाही” असं वाटणं साहजिक आहे. तपासणी करा, डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण करा, आणि जेवणाबरोबरचा किंवा लगेच नंतरचा चहा बंद करा, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर व्यायाम करायला हरकत नाही.

आणि घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेल्या पातळ आमटीवर जेवायचं, ही सवय मोडा. तुमची घट्ट वाटी आधी बाजूला निघाली पाहिजे.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. आता या वयात?

आताच. अमेरिकेत १९९० साली सरासरी नव्वदीतल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. बाबांना खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात करू द्या, दहा वेळा, तीन सेट. भिंतीला टेकून जोर. मग हातात पाण्याच्या बाटल्या. म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण दूध-पोळी किंवा मऊ भातावर येतं, तिथे दही, अंडं, मऊ मुगाची खिचडी वाढवा. उतारवयात प्रोटीनची गरज वाढते आणि भूक मात्र कमी होते.

झोपेचा काही संबंध आहे?

मोठा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना सारख्याच कमी कॅलरी देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास बिछान्यात राहू दिलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. कमी झोपेत मात्र चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी भरली आणि स्नायूंची बाजू जास्त झिजली. रात्री दीडपर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेपाचला जिम, यातून घडण बदलणार नाही. झोप मोडून व्यायाम करण्यापेक्षा संध्याकाळी करा.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. सुरू करू का?

डॉक्टरांना सांगून, जरूर. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायाम आणि कमी जेवण मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खायची, सुरुवातीचे काही आठवडे साखर मोजत राहायची, आणि डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारायचं. रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखू नये, वर ढकलताना सोडावा. चालताना छातीत दाब येत असेल, हर्निया असेल, किंवा डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास झालेला असेल तर आधी तपासणी, मगच वजनं.

वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुरू केलंय. आता व्यायामाची काय गरज?

आता जास्तच गरज आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली. ती भूक फार कमी करतात आणि वजन खरंच उतरतं, पण उतरलेल्या वजनात स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचाही वाटा असतो. आपल्याकडे मुळात स्नायू कमी, त्यातून तेही गेले तर औषध थांबवल्यावर हाती काय राहणार? भूक नसते तेव्हा लोक दोन घास भात खाऊन उठतात. त्याऐवजी पहिले घास प्रोटीनचे घ्या, पनीर, अंडं, मासा, घट्ट वरण, दही, आणि पोळी-भात त्यानंतर. एका वेळी जात नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आठवड्यातून दोन दिवस तरी वजनं उचला. इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ जास्त होत असेल तर व्यायामाचे दिवस त्याच्या आधीचे ठेवा. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना वजनाबरोबर तुमच्या वहीतले आकडेही दाखवा. वजन उतरतंय आणि उचलण्याचे किलोही घसरतायत असं दिसलं तर डोस आणि जेवण दोन्हींबद्दल त्यांच्याशी बोला.